चव नसलेल्या हातचे धपाटे

"धपाटे झाले की मागल्या दारानं सुमनवैनीकडं जाऊन बस," माझी आई, अव्वा, म्हणाली. "पाहुणे गेल्यावर नंदाला पाठवते बोलवायला."

मी मेथी खुडत होते. हात थांबवला नाही. "म्हणजे थंडे धपाटे खाऊ घालणार का पाहुण्यांला?"

"आगं, डब्यात घालून ठेव की."

"डब्यात धपाटा घामेजतो. मऊ पडतो. मग तो धपाटा राहत नाही, चिंधी होती. नंदाचं जमायचंय का मोडायचंय ते आधी ठरवा."

अव्वानं डबा परत फळीवर ठेवला. माझ्याशी वाद घालायचा तिला कंटाळा होता असं नाही, भीती होती. मी तोंड उघडलं तर काय काय बाहेर पडेल, या भीतीनंच ते घर चाललं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला, त्या दिवशी बघायला येणार होते. पाहुणे उदगीरकडचे, आमच्यासारखेच लिंगायत, घरचं किराणा दुकान, मुलगा उमाकांत, शिकलेला. सोयरीक आणली होती बसवंतमामांनी. हे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. पंचक्रोशीतल्या सगळ्या सोयरिकी जमवायच्या आणि मोडल्या तर त्यांच्या बैठकींतही पुढं बसायचं, हा त्यांचा उद्योग. माझंही लग्न त्यांनीच जमवलं होतं आणि ते मोडतानाही तेच पुढं होते. दोन्ही वेळा जेवून गेले.

मुलाच्या आईनं, गिरिजाबाईंनी, मामांजवळ निरोप धाडला होता. पोहे नकोत, शिरा नको. मेथीचे धपाटे करा, मुलीच्या हातचे.

आता आमची नंदा वसतिगृहात राहून डी.एड. झालेली. गणितं सोडवावीत तिनं, पण धपाटा थापायला बसली की निम्मा फडक्यावर राहायचा आणि निम्मा तव्यावर. म्हणून आदल्या संध्याकाळी आमचे वडील, अप्पा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी ते माझ्याशी सरळ बोलले.

"उद्याचे धपाटे तू कर. नाव नंदाचं सांगू."

मी म्हटलं, "आन माझ्या हाताला चव नाही त्याचं काय?"

अप्पांनी खाकरल्यासारखं केलं आणि गेले.

हे 'हाताला चव नाही' मी माझ्या पदरचं म्हणत नाही. हे वाक्य अप्पांचं. गावातल्या मठात चारचौघांत म्हटलेलं. माझ्या सासरच्यांनी मला माहेरी आणून घातलं तेव्हा बैठक बसली होती. सासरा म्हणाला, पोरगी चांगली आहे, पण हाताला चव नाही, घरात कुणी तिच्या हातचं खात नाही, सोडचिठ्ठी द्या. पंचांनी अप्पांना विचारलं, "तुम्हाला मान्य?" मी मागं बायकांत बसले होते. उजवा हात पदराखाली धरला होता. मला वाटलं, आता अप्पा उठतील. अप्पा उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "मान्य. पोरीच्या हाताला चव नाही."

खरं कारण त्या बैठकीत कुणी काढलं नाही. मीही ते आत्ताच काढत नाही. ज्यानं काढायचं होतं त्यानं ते कधी काढलं, तेच तर सांगायला बसले आहे.

ही युक्ती बसवंतमामांची. ते अव्वाला समजावताना मी ऐकलं होतं. "चव नाही म्हटलं की कुणाच्या चालीवर येत नाही, कुणाच्या वागण्यावर येत नाही. दोन्हीकडची अब्रू झाकती." दोन्हीकडची झाकली खरी. माझी उघडी पडली. मठात महाप्रसाद असला की सगळ्या बायका मिळून रांधायच्या. मी गेले की कुणीतरी गोड बोलून तांदळाचं सूप माझ्यापुढं सरकवायचं. "शिवकांता, तू आपले खडे वेच गं." भाजीच्या पातेल्याला हात लावू देत नव्हत्या. आणि इकडं घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याच हातचा. अप्पा पोटभर जेवायचे, बोटं चाटायचे, ढेकर द्यायचे आणि तसेच मठात जाऊन बसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी ताट उचलायची.

तर त्या दिवशी मी धपाटे केले. रागानं केले, पण नीट केले. मेथी विळीवर चिरायची नाही, पानं हातानं खुडायची. चिरली की रस सुटतो आणि कडूपणा पीठभर पसरतो. काही बायका मीठ लावून पिळून तो कडूपणा काढून टाकतात. मग मेथी घालायचीच कशाला, पालक घाला. ज्वारीच्या पिठात थोडं गव्हाचं, थोडं बेसन, लसूण-मिरची-जिऱ्याचा ठेचा, तीळ, ओवा, हळद आणि आंबट दही. पाणी अगदी लागलं तरच. ओल्या फडक्यावर गोळा ठेवून बोटांनी थापत न्यायचा, मधे भोकं पाडायची, फडक्यासकट तव्यावर पालथा घालायचा आणि फडकं अलगद सोलून घ्यायचं. भोकांत तेल सोडलं की जो वास उठतो, तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तवा तापला की नाही ते मी डाव्या हातानं बघायची. उजव्या तळव्याला धग कळत नव्हती.

पाहुणे आले तेव्हा मी चौथा का पाचवा थापत होते. बाहेर "शरणार्थ, शरणार्थ" झालं. खुर्च्या सरकल्या. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीत नुसता एक पडदा होता, सगळं ऐकू यायचं. अव्वा आत आली आणि डोळ्यांनीच मला मागचं दार दाखवलं.

"तव्यावर धपाटा आहे," मी म्हणाले. "हा उतरला की दुसरा. पाहुण्यांला गरम द्यायचेत का नाहीत?"

ती ताटली घेऊन बाहेर गेली. सोबत दही, शेंगाची चटणी, चिरलेला कांदा.

थोडा वेळ नुसता खाण्याचा आवाज. मग एका बाईचा भरदार आवाज आला. गिरिजाबाई.

"आई गं! काय धपाटा झालाय. उमाकांत, खाऊन बघ. कड कशी कुरकुरीत आन मधे मऊ. आन शेवटाला जिभेवर जरासा कडूपणा राहतोय बघ. तो राहिला पाहिजे. हल्लीच्या पोरी मारून टाकतात त्याला."

"समदं आमच्या नंदानंच केलं बरं का," अप्पा म्हणाले. "पहाटंपासून लागली होती."

"पोरगी गुणाची आहे," बसवंतमामा म्हणाले. त्यांचं तोंड भरलेलं होतं. त्यांना पुरतं ठाऊक होतं कुणाच्या हातचं आहे ते. माझ्या लग्नाआधी याच धपाट्यांवर त्यांनी माझी सोयरीक जमवली होती.

अव्वा फेऱ्या मारत राहिली. मी थापत राहिले. प्रत्येक धपाट्याला बाहेरून नंदाचं कौतुक येत होतं आणि माझ्या कानशिलांत आग आग होत होती. नंदाचा मात्र आवाज नव्हता. मुलीनं बोलायचं नसतं म्हणून सगळ्यांना ते शोभलंही असेल.

मग गिरिजाबाई म्हणाल्या, "मी तोंडावर बोलणारी बाई आहे, विश्वनाथप्पा. राग मानू नका. तुमच्या थोरलीचं ऐकून होते मी."

बाहेर मामा खोकले.

"हाताला चव नाही म्हणून नवऱ्यानं आणून घातली म्हणं. म्हटलं, एका आईच्या पोरी, एका चुलीवर शिकलेल्या. म्हणून तर मामांला सांगितलं, धपाटेच करा. पोहे काय, कुणीबी करतंय. धपाट्याला हात लागतो. लबाडी चालत नाही."

आत मला हसू आलं. असलं हसू की डोळ्यांत पाणी यावं. मठात झाकायला म्हणून जे खोटं बोलले, तेच फिरून यांच्या दारात आलं होतं आणि धाकटीची सोयरीक अडवून उभं होतं. आणि यांना तरी कोण सोडवत होतं? ज्या हाताला चव नव्हती तोच.

"कुठं असती आता थोरली?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"पुण्याला," अप्पा म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत. "नोकरी करती तिकडं."

तव्यापासून अप्पा चार पावलांवर बसले होते.

"असू द्या. तिचं नशीब. ह्या पोरीचा हात मला पसंत आहे. फक्त एक करू. एक धपाटा माझ्यासमोर थापून दाखव, बाळा. चल, आत चल."

खुर्ची वाजली. अव्वा पडद्यातून जवळजवळ पडतच आत आली. "जा! जा म्हणते ना! ऊठ!" तिनं माझा दंड धरला. मी पिठाच्या हातानं तिचा हात सोडवला. जागची हलले नाही. खरं सांगायचं तर मला काही मोठं धाडस करायचं नव्हतं. मला फक्त उठायचं नव्हतं. माझ्याच घरातून, माझ्याच तव्यासमोरून, धपाटा अर्धा भाजलेला टाकून पळायचं, एवढं मला जमत नव्हतं.

पडदा सरकला. गिरिजाबाई आत आल्या, मागं नंदा, काठापदराच्या साडीत, चेहरा पांढराफटक. गिरिजाबाईंनी तव्याकडं पाहिलं, फडक्याकडं पाहिलं, माझ्या पिठानं भरलेल्या हातांकडं पाहिलं.

"ही कोण?"

अव्वा म्हणाली, "ही शेजारची. मदतीला बोलावली होती."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मी त्या दिवशी जाताना बघितली. अप्पांनी मला पुण्याला धाडलं ते सोसलं. पण जिच्या पोटातून आले तिनं मला शेजारची केलं.

"मी शिवकांता," मी म्हणाले. "हिची थोरली. पुण्याला असती ती."

मी तव्यावरचा धपाटा उलटला, तेल सोडलं. तो करपला असता.

"म्हणजे," गिरिजाबाई सावकाश म्हणाल्या, "मी खाल्ले ते धपाटे..."

"माझ्या हातचे. चव नाही त्या हातचे."

त्या गर्रकन वळल्या आणि पडदा झटकून बाहेर गेल्या. "विश्वनाथप्पा! तोंडावर खोटं बोलता? थोरली पुण्याला आन धपाटे नंदाचे? उद्या पोरगी दुसरीच उभी कराल! ऊठ उमाकांत. चला मामा, लई झालं."

आणि मग ते झालं. अप्पा उठले. मठात जे उठले नव्हते ते अप्पा ताडकन उठले आणि दोन्ही हात जोडून बोलायला लागले. एका दमात, न अडखळता.

"बसा हो, पाहुणे, बसा! पोरीच्या हाताला चव आहे, थोरलीच्या बी आहे, आमच्या घरातच आहे चव! ते खोटं होतं. नवऱ्याला धपाट्यात मेथी कडू लागली म्हणून त्यानं हिचा हात तव्यावर दाबून धरला होता. तळवा सगळा भाजला. केस करायची म्हटली तर दोन्ही घरं उघडी पडतात. म्हणून बैठकीत चव नाही म्हटलं. तुम्ही तर खाल्ले की धपाटे, तुम्हीच सांगा! एका आईच्या पोरी आहेत, नंदा बी शिकेल!"

मी पडद्यात उभी होते. पडदा मुठीत धरला होता.

इतकं सोपं होतं ते. मला वाटायचं, अप्पांच्या घशात काहीतरी अडकलंय. लाज असेल, दुःख असेल, पोरीचं नाव काढताना बापाची जीभ जड होत असेल. मी रात्रंदिवस त्यांच्या वतीनं कारणं शोधत होते. काही अडकलं नव्हतं. सगळं जिभेवर तयार होतं, क्रमवार, नीट जुळवलेलं. फक्त ते माझ्यासाठी बोलण्याइतकं माझं मोल नव्हतं. नंदाची सोयरीक मोडतीय म्हटल्यावर ते सांडल्यासारखं बाहेर आलं.

गिरिजाबाई माझ्याजवळ आल्या. माझा उजवा हात धरून त्यांनी उताणा केला. पिठाखाली तळव्याची कातडी गुळगुळीत, रेषा नसलेली. त्यांनी अंगठ्यानं पीठ पुसलं आणि तोंडातल्या तोंडात त्या मेल्याला शिवी घातली. त्यांचे डोळे भरले होते, हे मी नाकारत नाही.

पण मग त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. बसवंतमामा म्हणाले, "झालं ते झालं. जुनं उकरून काय मिळायचंय." अप्पांनी कपाळ पुसलं. अव्वानं पाण्याचे तांबे आणले. कुणीतरी पंखा वाढवला. हळूहळू बोलणं पुन्हा रुळावर आलं. मानपान, तारीख, लग्न तुमच्याकडं का आमच्याकडं. मी तिथंच उभी होते आणि माझ्या समोर माझी गोष्ट संपलीसुद्धा होती.

अव्वा हसऱ्या चेहऱ्यानं आत आली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "शिवकांता, आणखी चार टाक गं. वाटंत खायला बांधून दे म्हणायलेत."

मी बाहेर गेले. पिठाच्या हातांनी, तशीच.

"अप्पा, सोमवारी मठात बैठक बोलवा."

"कशाची?"

"आता जे बोललात ते तिथं बोला. जिथं चव नाही म्हणालात, त्याच लोकांसमोर."

अप्पा माझ्याकडं बघायला लागले. त्यांना खरंच समजत नव्हतं. "आगं, पण आता काय गरज? मिटलं की सगळं."

"शिवकांता, पोरी," बसवंतमामा म्हणाले, "शुभकार्यात असं आडवं येऊ नये. बहिणीचं जमायलंय. तुला बघवंना का?"

"मामा, तुम्ही किती धपाटे खाल्ले हो?" मी विचारलं. "पोट भरलं असेल तर गप बसा."

"जीभ आवर!" अप्पा ओरडले. त्यांचा आवाज आमच्या घरात असा फक्त माझ्यावरच चढायचा. "आत हो! नंदाच्या जिवावर उठलीस का तू?"

तेव्हा नंदा बोलली. पाहुणे आल्यापासून पहिल्यांदा. ती गिरिजाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर स्वतःचेच हात एकमेकांत गुंतवून बसली होती.

"मामी," ती गिरिजाबाईंना म्हणाली, आणि तिचा आवाज इतका थरथरत होता की मला वाटलं रडेल. रडली नाही. "मला एक धपाटा बी येत नाही. अप्पांनी खोटं सांगितलं आन मी बसून ऐकलं. अक्काला दवाखान्यात नेऊन रोज मी हात बांधून आणायची. बैठकीच्या दिवशी बी पट्टी होती हाताला, अप्पांनी ती पदराखाली झाकायला लावली होती." मग ती अप्पांकडं वळली. "सोमवारी तुम्ही मठात बोला. त्याच्यानंतर मला पसंती विचारा. त्याच्याआधी माझी पसंती नाही."

"ही कसली अट?" गिरिजाबाई चकित होऊन म्हणाल्या.

अप्पांची पाचावर धारण बसली. त्यांनी मामांकडं पाहिलं. मामांनी पहिल्यांदाच हात वर केले. इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या उमाकांतनं ताटली खाली ठेवली आणि म्हणाला, "आई, सोमवारी दुकान बंदच असतं. आपण बी येऊ."

आता अप्पांना पळायला वाट नव्हती. मी सांगितलं म्हणून ते गेले असते का? कधीच नाही. जावई येणार म्हणून गेले.

सोमवारी संध्याकाळी आरतीनंतर मठात सगळे बसले. तेच पंच, तीच सतरंजी. बायका मागं, खांबांच्या ओळीपलीकडं. मला खडे वेचायला बसवणाऱ्या सगळ्या आल्या होत्या, कारण बैठक कशाची ते गावात कुजबुजलं गेलं होतं. नंदा माझ्या शेजारी. मी उजवा हात मांडीवर उघडा ठेवला होता.

अप्पा उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. जमिनीकडं बघत म्हणाले, "थोरलीचं त्या वेळी जे बोललो... ते तसं नव्हतं." आणि बसायला लागले.

"अप्पा," मी म्हणाले, "बायकांत ऐकू आलं नाही."

मठात बायका मागून बोलत नाहीत. सगळ्या माना वळल्या. अप्पा अर्धे वाकले होते ते तसेच थांबले. मग सरळ झाले.

"पोरीच्या हाताला चव आहे," ते म्हणाले. "जावयानं तिचा हात तव्यावर दाबला होता. मी इथं बसून खोटं बोललो."

पुढच्या दोन ओळींना ते ऐकू गेलं असेल. पुरुषांत कुणीतरी चुकचुकलं. मागं बायका एकमेकींना विचारत होत्या, काय म्हणाले, काय म्हणाले.

अप्पांनी गर्दीवरून माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि मी मान हलवावी, झालं म्हणावं, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. नंदानं माझा हात दाबला. सोड आता, असा.

"मोठ्यानं," मी म्हणाले.